सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतं. आतड्यातल्या हार्मोन पेशींची काही टेस्ट असते का?

तुम्ही विचारलंय की रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळं नॉर्मल आलं, डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बाऊल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत काही सापडत नाही पण पोट दुखतं आणि शौचाचं तंत्र बिघडतं) सांगितलं, आणि कुठेतरी वाचलंत की आतड्यातल्या हार्मोन सोडणाऱ्या पेशींमुळे आतडी जास्त हळवी होतात, तर ते खरं का, त्या पेशींची टेस्ट होते का, औषध काय. आणि शेवटी हळूच एक वाक्य टाकलंय, "की घरचे म्हणतात तसं हे मनाचंच आहे?" मी उत्तर लिहायला बसले ती त्या शेवटच्या वाक्यामुळे.

टेस्ट नाही. हे आधी सांगून मोकळी होते. मी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, सुई टोचण्यापासून रिपोर्ट प्रिंट करण्यापर्यंत सगळं करते, त्यामुळे कोणी तुम्हाला "आयबीएसची खास हार्मोन टेस्ट" म्हणून दोन-चार हजाराचं पॅकेज विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. बाकी पेशींचं जे वाचलंत ते बरंचसं खरं आहे आणि त्यावरून माझं माझ्या सख्ख्या भावाशी जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

माझं सुरू झालं एका हळदीच्या जेवणानंतर. अर्धी पंगत आडवी झाली होती, ताप, जुलाब, मला तर सलाईन लावावं लागलं. बाकीचे सगळे बरे होऊन शेतात, शाळेत, कामावर गेले. मीही गेले, पण पोट काही पूर्वीचं राहिलं नाही. चहा घेतला की कळ, जेवले की कळ, जाऊन आलं की थोडं बरं, परत कळ. सीबीसी, सीआरपी, थायरॉइड, टीटीजी, स्टूल, सगळं केलं, आणि ते सगळं आमच्याच लॅबमधे, काही तर माझ्याच हातचं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका. टेन्शन घेऊ नका हा उपचार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते कुठल्याही डॉक्टरसमोर बोलायला तयार आहे.

नंतर कळलं की पोटाच्या इन्फेक्शननंतर आयबीएस लागणं ही चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. साधारण दहातल्या एकाला होतं. कॅनडात वॉकर्टन नावाचं गाव आहे, तिथे २००० साली पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू गेले, हजारो माणसं आजारी पडली, आणि नंतर कित्येक वर्षं त्या लोकांचा पाठपुरावा केला तर आयबीएसचं प्रमाण आजारी पडलेल्यांत स्पष्ट जास्त होतं. आता अख्ख्या गावाच्या मनात एकदम काय बिघडलं असेल म्हणे? इंग्लंडमधे नॉटिंगहॅमच्या लोकांनी तर कॅम्पिलोबॅक्टर होऊन गेलेल्यांच्या गुदाशयाचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यात तुम्ही विचारताय त्याच पेशी वाढलेल्या दिसल्या. एन्टेरोक्रोमाफिन पेशी. पण त्यावर येते, आधी बस.

मामेबहिणीचं लग्न बार्शीला होतं. साताऱ्याहून वऱ्हाडाची बस, पहाटे निघालेली, कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले करत म्हसवड, पुढे अकलूज. मी आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, आयबीएसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, प्रवास म्हटला की उपास. पण पुसेगावला सगळ्यांनी चहा घेतला आणि मावशीने हातात कप दिलाच, नको म्हटलं तर "तुझं नेहमीचंच" हे ऐकावं लागतं म्हणून घेतला. गोंदवल्याच्या पुढे कळ सुरू झाली. माणदेश ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीये, तिथे मैलभर आडोसा नाही, बाभळ असली तर तीही अशी की पलीकडचं सगळं दिसतं. बाप्ये बिनधास्त कुठेही उभे राहतात हो, बाईने काय करायचं? मी ड्रायव्हरला सांगितलं पंप दिसला की थांबवा. म्हसवडच्या अलीकडे एक पंप आला, तर संडासाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो गावात गेलेला. तो येईपर्यंत सगळी बस थांबून. पोरं खाली उतरून दगड मारत बसली, म्हाताऱ्या खिडकीतून बघतायत, मी भिंतीला धरून उभी, घामाने ब्लाउज ओला. किल्ली आली, मी आत गेले, बाहेर आले तोवर उशीर व्हायचा तो झालाच होता. बार्शीला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

आणि तिथे मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, नवरीच्या सासरच्यांसमोर दादा म्हणाला, "हिच्या पोटाचं नाटक आहे सगळं. अगं, तुझ्याच लॅबचे रिपोर्ट ना? नॉर्मल आहेत हे तूच सांगतेस ना?" लोक हसले. कोणी मुद्दाम नाही, पण हसले. माझा दादा अडाणी नाही बरं का. बीएस्सी अ‍ॅग्री आहे, कृषी सेवा केंद्र चालवतो, शेतकऱ्याने पिवळं पडलेलं पान आणून दाखवलं तर माती तपासून काही सापडलं नाही म्हणून तो "पानाच्या मनात आहे" असं कधी सांगत नाही. बहिणीला मात्र सांगितलं.

त्याचा मुद्दा तुमच्या घरच्यांचाही असणार, म्हणून नीट उत्तर देते. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की जे मोजलं ते ठीक आहे. कोलोनोस्कोपीत डॉक्टर बघतात जखम आहे का, गाठ आहे का, सूज आहे का. आतड्याच्या नसा किती लवकर ठणाणा करतात हे कॅमेऱ्याला कसं दिसणार? ते मोजायची पद्धत वेगळी आहे आणि जुनी आहे. १९७३ साली रिची नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने आयबीएसच्या पेशंटच्या मोठ्या आतड्यात फुगा घालून तो हळूहळू फुगवला आणि कधी दुखतं ते विचारलं. निरोगी माणसांना ज्या आकाराच्या फुग्याने फारसं काही होत नव्हतं, त्याच आकाराला निम्म्याहून जास्त पेशंट कळवळले. पुढे बॅरोस्टॅट म्हणून मशीन आलं, फुग्यातला दाब अचूक ठेवणारं, त्यातही तेच दिसत राहिलं. सगळ्याच पेशंटमधे नाही दिसत, हेही सांगते, काहींची आतडी या चाचणीत इतरांसारखीच निघतात. आपल्याकडे ही चाचणी रोजच्या प्रॅक्टिसमधे कोणी करत नाही आणि करायची गरजही नाही.

आता त्या पेशी. आतड्याच्या अस्तरात हार्मोन सोडणाऱ्या पेशी असतात, जेमतेम शंभरात एक, विखुरलेल्या. त्यांच्यातला एक प्रकार म्हणजे एन्टेरोक्रोमाफिन, आणि शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन या बनवतात. मेंदू नाही, आतडं. चाळीत गॅलरीत उभी राहणारी एक काकू असते ना, जिन्यात कोण आलं, हातात काय होतं, सगळं बघून लगेच आत निरोप देणारी, तशी ही पेशी. एक टोक आतड्याच्या पोकळीकडे, तिथे अन्न, जंतूंनी बनवलेली रसायनं, चुरचुरणारे पदार्थ सगळं चाखते, आणि दुसऱ्या बाजूने नसेच्या टोकाजवळ सेरोटोनिन सोडते. नसेवर ते पकडणारा रिसेप्टर असतो, ५-एचटी-३ नावाचा. तिथून निरोप मणक्यातून वर. आतडं ताणलं गेलं तरी या पेशींना कळतं, पिझो२ म्हणून दाब ओळखणारं प्रथिन त्यांच्यात असतं, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लोकांनी ते दाखवलं. हे जे सेरोटोनिन आहे ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, त्यामुळे "आतडी खूश तर मूड खूश, केळी खा" वगैरे व्हॉट्सअ‍ॅपचं ज्ञान सोडून द्या.

डेव्हिड ज्युलियस यांचं नाव ऐकलं असेल, तिखटाने जळजळ का होते त्याचा रिसेप्टर शोधणारे, २०२१ चं नोबेल मिळालं. त्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लॅबने २०१७ मधे दाखवलं की या पेशी चक्क नसांसारख्या विजेच्या सिग्नलवर चालतात आणि नसेशी जवळजवळ थेट जोडलेल्या असतात. त्यांना चेतवणाऱ्या गोष्टींत एक मोहरीतलं झणझणीत रसायन आहे, वासाबीतही तेच असतं. मला हे वाचून आईची फेसलेली मोहरी आठवली, मोहरी पाण्यात फेसली की नाकात जातं ते हेच. फोडणीत तडतडलेल्या अख्ख्या मोहरीत ते फारसं तयार होत नाही, तर उगाच फोडणी बंद करू नका. फेसलेली मोहरी घातलेलं लोणचं आणि भरीत मात्र मी सोडलं. हा माझा अनुभव, नियम नव्हे.

मग २०२३ मधे त्याच गटाने आणि ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या लोकांनी मिळून पुढचं काम छापलं, आणि तो कागद मी लॅमिनेट करून दादाच्या दुकानात लावावा असं मला कितीदा तरी वाटलंय. उंदरांमधे फक्त या पेशी चालू-बंद करता येतील अशी सोय केली. पेशी चालू केल्या की आतड्याच्या नसा जास्त हळव्या झाल्या. बराच काळ चालू ठेवल्या तर हळवेपणा टिकून राहिला आणि ते उंदीर घाबरे झाले, उघड्यावर यायला कचरायला लागले. उंदरांना कुणी टेन्शन दिलं नव्हतं, लग्नाची बस चुकेल म्हणून ते काळजी करत नव्हते. आतड्यातल्या मूठभर पेशी चेतवल्या आणि चिंता वर गेली. माद्यांची आतडी मुळात नरांपेक्षा जास्त हळवी निघाली हेही त्यात आहे. म्हणजे दादा म्हणत होता मनाचं पोटात उतरतं, तर पोटाचं मनात चढतं हेही तितकंच खरं. ऑस्ट्रेलियात माणसांवरही बारा वर्षांचा पाठपुरावा झालाय, त्यात दोन्ही दिशा दिसल्या, काहींना आधी चिंता मग पोट, काहींना आधी पोट मग चिंता. मी दुसऱ्या प्रकारची. हळदीच्या जेवणाआधी मला बसची भीती कधीच वाटली नव्हती, कॉलेजला असताना दारात लटकून गेलेय मी.

टेन्शनने वाढतं का? वाढतं. परीक्षेच्या आधी, पाहुणे येणार असले की, सासरी पहिल्यांदा जाताना, नक्की वाढतं. पण दम्यावाल्याचा दमाही टेन्शनने वाढतो, त्याला कोणी नाटकी म्हणत नाही.

टेस्टबद्दल अजून थोडं, कारण काउंटरवर लोक विचारतात. सेरोटोनिन कुठे मोजता येतं तर त्याचा उरलेला भाग लघवीत, फाइव्ह-एचआयएए म्हणून, चोवीस तासांची लघवी अ‍ॅसिड घातलेल्या कॅनमधे गोळा करून, आणि त्याआधी केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद. ती टेस्ट असते कार्सिनॉइड ट्यूमरसाठी, म्हणजे याच पेशींची गाठ होते तेव्हा चेहरा लाल होणं, पाण्यासारखे जुलाब असं होतं, फार क्वचित दिसणारा आजार. आयबीएसमधे तिच्यातून काही निदान निघत नाही. "कुठलं अन्न सोसत नाही" म्हणून शंभर पदार्थांची आयजीजी यादी देणाऱ्या टेस्टचं तर नावच काढू नका. त्या यादीने माणसं उपाशी राहायला लागतात.

औषधाचं. आयबीएससाठी या पेशींवरच काम करणारं असं औषध अजून नाही. पण त्यांचा निरोप नसेवर जिथे पोचतो तो ५-एचटी-३ रिसेप्टर अडवणारी औषधं आहेत. अमेरिकेत अ‍ॅलोसेट्रॉन फेब्रुवारी २००० मधे आलं आणि नोव्हेंबरात मागे घ्यावं लागलं, काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी होऊन गंभीर त्रास झाला, काहींना भयंकर बद्धकोष्ठ. पेशंटनीच मागणी लावून धरली म्हणून २००२ मधे कडक अटींवर परत आलं, फक्त जुलाबवाल्या, फार त्रास असलेल्या बायकांसाठी. उलटीसाठी आपण देतो ते ऑन्डान्सेट्रॉनही याच जातीचं. नॉटिंगहॅमवाल्यांनी २०१४ मधे ते जुलाबाच्या आयबीएसवर वापरून पाहिलं, शौच घट्ट झाली, धावपळ कमी झाली, पण दुखण्यावर म्हणावा तसा फरक नव्हता. म्हणजे ही कथा एका पेशीवर आणि एका रसायनावर संपत नाही. बद्धकोष्ठवाल्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

मला ज्याने फरक पडला ती अ‍ॅमिट्रिप्टिलिन, अगदी कमी डोस, रात्री. डिप्रेशनसाठी जेवढी देतात त्याच्या कितीतरी कमी. इंग्लंडमधे फॅमिली डॉक्टरांकडच्या ४६३ पेशंटवर याची चाचणी झाली, २०२३ मधे लॅन्सेटला छापून आली, १० ते ३० मिलिग्रॅमने सहा महिन्यांत खोट्या गोळीपेक्षा चांगला फरक पडला. नसांचा ठणाणा कमी करते, असं समजा. तर झालं काय, दिवाळीला माहेरी गेले तेव्हा वहिनीला माझ्या पर्समधे स्ट्रिप दिसली, तिने मोबाईलवर नाव टाकलं, आणि जेवताना सगळ्यांसमोर, "वन्सं, तुम्ही मनाच्या गोळ्या घेता होय?" दादाने ताटातून वर न बघता म्हटलं, "मी म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं दादा, तुझ्या बीपीची गोळी आहे ना, प्रोप्रॅनोलॉल, ती डॉक्टर हात थरथरणाऱ्यालाही देतात आणि परीक्षेला घाबरणाऱ्यालाही देतात, मग तू नक्की कशाचा पेशंट? उत्तर आलं नाही. त्याने भात वाढून घेतला.

आणि गॅसबद्दल, कारण दादाचा दुसरा आवडता सल्ला म्हणजे "कमी खा, गॅस होणार नाही." नॉटिंगहॅमलाच एमआरआय काढून पाहिलंय, आंबणारी साखर दिल्यावर आयबीएसवाल्यांच्या आणि निरोगी लोकांच्या मोठ्या आतड्यात गॅस साधारण सारखाच झाला, दुखलं मात्र आयबीएसवाल्यांना. तोच गॅस, त्यांना कळ. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबणाऱ्या साखरा कमी असलेला) काहींना उपयोगी पडतो, कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, सफरचंद, आंबा, दूध काही आठवडे कमी करायचं, मग एकेक परत आणून बघायचं कुठलं नडतं. परत आणायचं हे लोक विसरतात. कांदा-लसूण सोडणं आपल्याकडे चातुर्मासामुळे सोपं, गहू सोडून ज्वारीची भाकरी तर सातारा-सोलापूरकडे शिक्षाच नाही. पण आहारतज्ज्ञाला विचारून करा, मनाने वर्षभर नका करू.

हं, आणि हे आधी लिहायला हवं होतं असं वाटेल तुम्हाला, पण मी शेवटी लिहितेय. शौचातून रक्त, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर आयबीएस म्हणून गप्प बसू नका, आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो. मी वर सांगितलेलं पेशींचं काम बरंचसं उंदरांवरचं आहे, माणसात तसंच्या तसं असेलच असं नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने झोप येते, तोंड सुकतं, बद्धकोष्ठ वाढतं, हृदयाचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, माझं वाचून मेडिकलमधून आणू नका. आणि सूज नाही याची खात्री हवी असेल तर स्टूल कॅलप्रोटेक्टिन करून घ्या, ५० च्या खाली आलं की आतड्यात सूज असण्याची शक्यता फार कमी. फक्त सॅम्पल द्यायच्या आधी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेत असाल तर तसं काउंटरवर सांगा, त्यांनीही आकडा वाढतो आणि मग उगाच कोलोनोस्कोपीची चिठ्ठी मिळते.